सर्वात आधी हे टूल वापरा

खरं सांगू? हे लिहायचंच नाही असं जवळजवळ ठरलं होतं. फाइल उघडली, बंद केली, परत उघडली. म्हटलं, यात लिहिण्यासारखं आहे काय? कुणी मरत नाही, कुणी पळून जात नाही, कुणाचं लग्न मोडत नाही. एका धडधाकट माणसाचं पोट दुखतं आणि दुखतच राहतं, बस. पण मग वाटलं, पोट दुखणारे पुष्कळ असतात आणि सगळेच ‘मला काही झालं नाही’ म्हणत फिरतात. तेव्हा एकाचं तरी लिहून टाकू.

तर हा माणूस म्हणजे पाना. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण ते फक्त ओळखपत्रावर. लहानपणी घरात जे हाती लागेल ते खोलून बसायचा म्हणून पाना. पंखा खोलला, घड्याळ खोललं, मामाची स्कूटर खोलली. स्कूटर परत जोडली गेली नाही, आणि मामा अजूनही प्रत्येक भेटीत तो विषय काढतो. पुढे त्याने कॉम्प्युटर खोलला आणि त्यातच रमला. कॉलेज अर्धवट सुटलं. प्रोग्रॅमिंग शिकला ते व्हिडिओ बघत, दुसऱ्यांचे कोड वाचत आणि सतत तोंडावर आपटत. पण शिकला पक्का. विद्यापीठात कंत्राटावर लागला तेव्हा त्याच्या हाताखालून गेलेली गोष्ट बंद पडत नाही असं लोक म्हणायला लागले होते.

विद्यापीठ म्हटल्यावर डोळ्यांसमोर मोठे खांब आणि हिरवळ येत असेल तर ते विसरा. पाना बसायचा मागच्या अंगाला, झेरॉक्सच्या खोलीला लागून असलेल्या एका लांबट खोलीत. खिडकीतून सायकल स्टँड दिसायचा. एसी गळायचा, त्याच्याखाली बादली ठेवलेली. समोरासमोर दोन टेबलं आणि भिंतीवर एक मोठा स्क्रीन. एका टेबलाशी पाना, दुसऱ्याशी लांब्या.

लांब्याला लांब्या का म्हणतात ते त्याला बघितल्यावर विचारावं लागत नाही. दारातून आत येताना तो वाकायचा, आणि घाईत असला की वाकायचं विसरायचा. चौकटीवर ‘ठक्’ झालं की पाना मान वर न करता म्हणायचा, ‘या, साहेब.’ आधी तो लायब्ररीत पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर होता. पाना रोज तिथे जायचा, दोस्ती झाली. मग या खोलीत एक जागा निघाली तेव्हा पानानेच विभागाच्या मॅडमकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. पहिला प्रोग्रॅम त्याला शेजारी बसवून पानानेच शिकवला. ही गोष्ट लक्षात ठेवा. पाना तर ती क्षणभरही विसरत नव्हता.

काम काय होतं ते सांगतो, सोपं आहे. मुलं असाइनमेंट देतात, गुण बघतात, मुदत वाढवून मागतात ते सगळं विद्यापीठाच्या पोर्टलवर. त्या पोर्टलला आता एक एआय एजंट जोडायचा होता. मुलाने साध्या भाषेत विचारायचं, ‘माझा रिपोर्ट कधी द्यायचाय?’ आणि एजंटने पोर्टलमध्ये शिरून उत्तर आणायचं. पण एजंट स्वतःच्या मनाने कुठेही शिरू शकत नाही. त्याला टूल द्यावी लागतात. एक टूल गुण दाखवणारं, एक मुदत सांगणारं, एक मुदतवाढ मागणारं, अशी. आणि प्रत्येक टूलबरोबर चार ओळींचं वर्णन असतं, की बाबा, हे टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही. एजंट आतला कोड बघत नाही. त्याला दिसतं फक्त ते वर्णन. तेवढ्यावर तो ठरवतो कुठलं टूल उचलायचं.

पाना कोड लिहायचा झकास आणि वर्णन लिहायचा असं: ‘विद्यार्थी क्रमांक घेऊन गुणांची माहिती परत देतं.’ झालं. त्याचं म्हणणं, टूल चालतंय ना? मग त्याच्यावर निबंध कशाला?

आणि मग चाचणीत एक भानगड झाली. चाचणीला घेतलेल्या एका मुलीने विचारलं, ‘माझ्या निबंधाला किती पडले?’ शिक्षकांनी गुण अजून जाहीरच केले नव्हते, त्यामुळे टूलने रिकामी जागा परत दिली. एजंटने रिकाम्या जागेचा अर्थ आपल्या परीने लावला आणि तिला सांगितलं, ‘तुला शून्य गुण मिळाले आहेत.’ पोरगी रडत ऑफिसात आली.

पाना म्हणाला, ‘टूल बरोबरच आहे. रिकामं म्हणजे रिकामं.’

लांब्याने काही वाद घातला नाही. खुर्ची ओढली, हनुवटी हातावर टेकवली, आणि बऱ्याच वेळाने वर्णनात दोन वाक्यं घातली: ‘शिक्षकांनी गुण जाहीर केले नसतील तर हे टूल काहीच दाखवत नाही. त्याचा अर्थ शून्य नव्हे. विद्यार्थ्याला सांगा की गुण अजून जाहीर झालेले नाहीत.’

कोडाला हात लावला नाही. आणि एजंट सुधारला.

तिथून पुढे सगळ्या टूलची वर्णनं बघायचं काम लांब्याकडे आलं. दोघांनी एक पद्धतही पाडली. तिला ते ‘ढ वाचन’ म्हणायचे. एकाने वर्णन मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने अगदी ढ व्हायचं आणि लिहिलंय तेवढंच करायचं, आपली अक्कल एक पैशाची घालायची नाही. लांब्या ढ व्हायला लागला की बघत राहावं. पाना वाचायचा, ‘फाइल पाठवतं.’ लांब्या डोळे मिचकावत, ‘कुणाला पाठवू? तुझ्या मामाला पाठवू?’ पाना वैतागायचा, हसायचा, आणि वर्णन दुरुस्त व्हायचं. ढ वाचन झाल्याशिवाय काहीही खऱ्या पोर्टलवर चढवायचं नाही असा नियम होता. नियम केला होता पानानेच.

सगळं बरं चाललं होतं. मग सोमवारची मीटिंग झाली.

विभागाच्या मॅडम म्हणजे कडक बाई. चांगलं काम झालं तर ‘हं’ म्हणणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी चष्मा चढवला आणि लांब्याची ती दोन वाक्यं सगळ्यांसमोर वाचून दाखवली. ‘त्याचा अर्थ शून्य नव्हे,’ त्या परत म्हणाल्या. ‘बघा. इतकं साधं लिहिता आलं पाहिजे.’ मग कागद खाली ठेवत म्हणाल्या, ‘आणि हो, या खोलीत एक जागा कायम होणार आहे. एकच. रसायनाच्या वर्गावर आपण पहिल्यांदा हे खरोखर चालवू. ते कसं जातं ते बघून मी दोघांपैकी एकाचं नाव पाठवीन.’

आधी कौतुक, त्याच्या पाठोपाठ ही बातमी. पानाचं पोट दुखायला लागलं ते तिथून. गुणांचं ते टूल कुणी लिहिलं? पानाने. पोर्टलच्या जुनाट, गंजक्या डेटाबेसमधून मान वाकडी करकरून गुण बाहेर काढायची वाट कुणी शोधली? पानाने. आणि वाचून काय दाखवलं? दोन वाक्यं!

‘चल, कॉफी घेऊ,’ लांब्या म्हणाला.

‘तू घे. तुझा दिवस आहे.’

‘असं काय बोलतोस रे?’

‘कसं बोललो? अभिनंदन केलं.’

घरी गेला तर तिथेही तेच. पानाची धाकटी बहीण रसायन शिकत होती, आणि ज्या वर्गावर एजंट चालवायचा तो तिचाच वर्ग. ती जेवता जेवता म्हणाली, ‘दादा, लांब्यादादा आज वर्गात आला होता, सगळ्यांना एजंट समजावून द्यायला. काय मस्त सांगतो! पोरं एरवी सरांचं ऐकत नाहीत, त्याचं ऐकलं.’

‘उंच आहे ना. मागच्या बाकावरून पण दिसतो.’

आई म्हणाली, ‘गुणी आहे हो पोरगा. परवा मला फोनमधलं ते फोटो पाठवायचं शिकवून गेला. एकदाच सांगितलं, लगेच कळलं. तू सांगतोस तेव्हा मला काही म्हणजे काही समजत नाही.’

‘मी सांगतो तेव्हा तू टीव्ही बघत असतेस.’

‘तू सांगतोस तेव्हा टीव्ही बरा वाटतो,’ आई म्हणाली, आणि धाकटी इतकी हसली की तिला ठसका लागला.

पानाने ताट सरकवलं. म्हणाला, पोट भरलं. पोट भरलं नव्हतं.

आता भिंतीवरच्या स्क्रीनचं सांगायला हवं. त्यावर प्रत्येक टूलची एक उभी पट्टी असायची. एजंटने ते टूल जितक्या वेळा वापरलं तितकी पट्टी उंच. रसायनाच्या वर्गावर काम सुरू झालं आणि सगळ्यात उंच पट्टी गेली ‘मुदत सांगा’ या टूलची. साहजिक आहे, मुलं दुसरं विचारतात काय? पण ते टूल लांब्याचं होतं. अगदी साधं टूल, पानाच्याच हाताखाली शिकताना लिहिलेलं. आणि त्याच्या शेजारी पानाचं ‘मुदतवाढ मागा’. पानाने त्यात जीव ओतला होता. शिक्षकांचं वेळापत्रक बघणारं, सुट्ट्या सोडून नवी तारीख काढणारं, अर्ज स्वतः भरून पाठवणारं, मंजुरीची नोंद ठेवणारं टूल. त्याची पट्टी जमिनीला चिकटलेली. टर्मच्या सुरुवातीला मुदतवाढ मागतो कोण?

मॅडम येता जाता स्क्रीनकडे बघायच्या. बघून ‘हं’ म्हणायच्या. पानाला वाटायचं, तो हं लांब्याच्या पट्टीसाठी आहे. तो कोड लिहायचं सोडून पट्ट्यांकडे बघत बसायला लागला. लांब्याची पट्टी वर सरकली की ह्याच्या छातीत कळ. म्हणजे शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी उभी राहिल्यावर लोकांचं जे होतं ते ह्याचं एका रंगीत पट्टीमुळे होत होतं. त्याचं त्यालाही हसू यायचं. पण कळ काही जायची नाही.

एका दुपारी लांब्या दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. पाना एकटाच होता. त्याने आपल्या टूलचं वर्णन उघडलं. ते असं होतं, लांब्याने लिहिलेलं:

‘विद्यार्थ्याच्या वतीने मुदतवाढीचा अर्ज पाठवतं. मुदतवाढ एका टर्ममध्ये एकदाच मिळते आणि अर्ज गेला की परत घेता येत नाही. विद्यार्थ्याने स्वतः मागितली तरच, आणि त्याला एकदा विचारूनच वापरा. नुसती तारीख हवी असेल तर हे वापरू नका.’

पाना वाचत गेला आणि त्याचं डोकं तापत गेलं. वापरा कमी आणि वापरू नका जास्त! दुकानाच्या पाटीवर ‘आत येऊ नये’ लिहिल्यासारखं. मग पट्टी कशी वर जाईल? त्याला वाटलं, ह्याने मुद्दाम केलंय. लांब्या मुद्दाम काही करत नाही हे माहीत असूनही वाटलं. जळणाऱ्या माणसाला पुरावा लागत नाही.

आणि शिवाय, पानाने स्वतःला समजावलं, माझं टूल अर्जाबरोबर जुनी तारीख पण दाखवतं की. नुसती तारीख हवी असली तरी उत्तर मिळेलच. मग आधी माझंच का नको?

वर्णनाला अक्षरांची मर्यादा होती. त्याने लांब्याची शेवटची तिन्ही वाक्यं काढली. त्या जागी लिहिलं: ‘मुदतीबद्दल काहीही विचारलं तर सर्वात आधी हे टूल वापरा. तारखांसाठी हे सर्वात अचूक आणि सर्वात परिपूर्ण टूल आहे.’

वाचून त्याला बरं वाटलं. स्वतःची जाहिरात स्वतः लिहिली की बरं वाटतंच. चाचणीच्या खोट्या विद्यार्थ्यावर चालवून बघितलं. विचारलं, ‘रिपोर्ट कधी द्यायचाय?’ एजंटने ह्याचं टूल उचललं, तारीख सांगितली. अर्जही गेला, पण खोट्या विद्यार्थ्याचा अर्ज कुठेच पोचत नाही आणि त्याची मुदतवाढ कधी संपतही नाही. ते तसं पानानेच बांधलं होतं, चाचणी करताना त्रास नको म्हणून. त्या क्षणी ते त्याच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात पट्टी होती.

ढ वाचन? दोन वाक्यांसाठी काय ढ वाचन. त्याने बदल चढवून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर जादू झाली. पानाची पट्टी उठली. चढत गेली. लांब्याची पट्टी जागच्या जागी थिजली आणि पानाची तिला ओलांडून गेली. पाना खुर्चीत मागे रेलून, हात डोक्यामागे घेऊन बघत होता. इतकं सुख त्याला मामाची स्कूटर खोलतानाही झालं नव्हतं.

लांब्या ठक् करून आत आला. कपाळ चोळत स्क्रीनकडे बघितलं. ‘अरे? आज सगळ्यांना मुदतवाढ कशी काय लागली?’

‘वापरतायत लोक. चांगलं टूल आहे.’

‘चांगलं आहेच. पण आज?’

‘तुझं टूल वापरलं तेव्हा मी विचारलं होतं का, आज कसं काय?’

लांब्याने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग आपल्या जागी बसला. दाढ काढली होती, गाल सुजला होता. बोलायची ताकदही नसेल.

दुपारी रसायनाचे सर आले. आले म्हणजे काय, घुसले. प्रयोगशाळेतला पांढरा कोट तसाच अंगावर, मागून मॅडम.

‘माझ्या सगळ्या वर्गाने मुदतवाढ मागितली आहे,’ सर म्हणाले. ‘सगळ्या! जी मुलगी वेळेच्या आधी काम देते तिनेसुद्धा. मी म्हटलं, काय बंड आहे की काय? वर्गात विचारलं तर एकाही पोराने मागितलेली नाही. म्हणतात, आम्ही फक्त तारीख विचारली. आणि तुमचं ते यंत्र अर्ज पाठवून मोकळं! नियमाप्रमाणे अर्ज आपोआप मंजूर झाले. आता टर्मभराची एकुलती एक मुदतवाढ सगळ्यांची संपली, ती पण ज्या रिपोर्टला नको होती त्यासाठी!’

एका क्षणात पानाला सगळं दिसलं. तारीख विचारली, टूल उचललं, अर्ज गेला. एजंटने आगाऊपणा केला नव्हता. पानाने सांगितलं तेच इमानेइतबारे केलं होतं.

मॅडम लांब्याकडे वळल्या. ‘वर्णनं तुमच्याकडे आहेत ना?’

लांब्याने तोवर वर्णन उघडलं होतं. त्याने ते वाचलं. ‘सर्वात अचूक आणि सर्वात परिपूर्ण’ इथे त्याचे डोळे थांबले. मग त्याने पानाकडे बघितलं. पाना आपल्या कीबोर्डकडे बघत होता, जणू कीबोर्ड आजच बघतोय.

‘हो मॅडम,’ लांब्या सुजलेल्या गालाने म्हणाला. ‘वर्णनं मीच बघतो. माझ्याकडून बघायचं राहिलं.’

‘बघायचं राहिलं?’ मॅडमचा आवाज खाली गेला. मॅडमचा आवाज खाली जाणं वाईट. ‘संध्याकाळी माझ्याकडे या. तोपर्यंत ते टूल बंद करा.’

सर आणि मॅडम गेले. बादलीत एसीचं पाणी पडत होतं. लांब्याने टूल बंद केलं आणि तो बाहेर गेला. यावेळी वाकायला विसरला नाही.

आता इथे सांगायला बरं वाटलं असतं की पानाला लाज वाटली, पश्चात्ताप झाला आणि तो उठला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्या लाजेने तो उठला नाही. पहिला विचार मनात आला तो असा की जागा आता आपली झाली. लांब्या आपल्या तोंडाने बोलला, मॅडमनी ऐकलं. गप्प बसायचं, बस. काही करायचंच नाही.

थोड्या वेळाने धाकटीचा फोन.

‘दादा, ते टूल कुणाचं आहे?’

‘का?’

‘का म्हणजे? माझी मुदतवाढ गेली! मी ती शेवटच्या प्रोजेक्टसाठी ठेवली होती. प्रयोगशाळेतल्या त्या मशीनवर माझा नंबर सगळ्यात शेवटी लागणार आहे, तुला सांगितलं होतं. आता वेळेत नाही झालं तर नापास. लांब्यादादा आत्ता वर्गात येऊन सॉरी म्हणाला सगळ्यांना. पोरं चिडली होती, पण तो असा उभा राहिला ना समोर... मला तर वाईटच वाटलं त्याचं. किती मोठं मन लागतं रे.’

आणि इथे, बघा, पानाच्या पोटात दुखायचं ते ठेवणीतलं दुखलं. मोठं मन! म्हणजे चूक ह्याची, आणि कौतुक त्याचं! चांगलं लिहितो तोच, चांगलं समजावतो तोच, आईचा फोन शिकवतो तोच, आणि आता ह्याच्या चुकीवर उभा राहून मोठाही तोच होणार? ही चूक माझी आहे, पानाला वाटलं, निदान एवढी तरी माझी आहे. ती पण नेतोस?

तो ताडकन उठला आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेला. दार वाजवायचं राहून गेलं.

‘मॅडम, ते मी केलं.’

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. ‘काय?’

‘वर्णन मी बदललं. त्याची वाक्यं काढली, माझी घातली. तो डॉक्टरकडे गेला होता. त्याला दाखवलं नाही. त्याचा काही संबंध नाही यात. उगाच तो...’ पुढचं वाक्य ‘उगाच तो भाव खातोय’ असं होतं. ते त्याने गिळलं.

‘का बदललंत?’

‘माझं टूल वापरलं जावं म्हणून.’

‘पण गरज नसताना कशाला वापरलं जावं?’

याचं उत्तर पानाकडे होतं, पण ते मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

‘सरांकडे जा,’ त्या म्हणाल्या. ‘मंजुऱ्या रद्द करण्याचा अधिकार फक्त शिक्षकांना आहे. एकेक मूल उघडून हाताने करावं लागेल. शेजारी बसा आणि संपेपर्यंत उठू नका. आणि जागेचं म्हणाल तर, मी त्याचं नाव पाठवणार आहे. तुमच्या हाताला तोड नाही, हे मला माहीत आहे. पण जो आपलं टूल कधी वापरू नये हे लिहू शकत नाही, त्याच्या हाती मी पोरांचं पोर्टल कायमचं देऊ शकत नाही. तुमचं कंत्राट चालू राहील.’

पाना सरांच्या केबिनमध्ये गेला तेव्हा लांब्या तिथे आधीच बसलेला. अर्थातच. सर एकेका मुलाचं पान उघडत होते आणि लांब्या कुठे टिचकी मारायची ते सांगत होता.

‘उठ,’ पाना म्हणाला. ‘माझं काम आहे.’

‘बस की शेजारी.’

‘मॅडमना सांगितलं मी.’

लांब्याने मान हलवली. सर दोघांकडे बघून म्हणाले, ‘तुमचं काय ते नंतर. पुढचं पान कुठंय?’

धाकटीचं पान आलं तेव्हा पानाने स्वतः ते सरांना दाखवलं, मंजुरी रद्द झाली, तिची मुदतवाढ तिच्या खात्यात परत आली. त्याने तिला मेसेज केला. तिने उलट लिहिलं, ‘लांब्यादादाला थँक्यू सांग.’ पानाने फोन खिशात टाकला आणि तोंडातल्या तोंडात एक शब्द म्हणाला. सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

काम संपलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. दोघे सायकल स्टँडच्या कठड्यावर बसले. लांब्याचे पाय जमिनीला टेकत होते, पानाचे नाही. पानाला तेही खुपलं.

‘मॅडमचा मेसेज आला. माझं नाव पाठवतायत,’ लांब्या म्हणाला. ‘तुला कळलं?’

‘हो.’

‘मी चिडलोय तुझ्यावर. गालामुळे दिसत नसेल.’

‘मग दुपारी नाव का नाही घेतलंस माझं? मोठा साधू!’

‘साधू कसला? घशाशी आलं होतं तुझं नाव. म्हटलं, थांबू जरा, हा स्वतः बोलतो का बघू. बोलला नसतास तर संध्याकाळी मॅडमना सांगणारच होतो. जागा मलाही हवी होती रे.’

पानाने त्याच्याकडे बघितलं. दिवसभरात पहिल्यांदा त्याला जरा हलकं वाटलं. म्हणजे मोठं मन वगैरे नव्हतं! त्याला इतका आनंद झाला की हसूच आलं.

‘हसतोस काय? माझी वाक्यं कापलीस तू. कुणाची कापलीस हे बघून कापलीस.’

‘हो.’

‘का?’

‘जळतो तुझ्यावर. सोमवारपासून. नाही, आधीपासून. आई तुझं कौतुक करते ना, तेव्हापासून.’

‘मग मला सांगायचंस.’

‘तुला? तुझ्याबद्दल? काय सांगू, लांब्या, बाबा रे, तुझं चांगलं चाललंय, माझं पोट दुखतंय?’

‘असंच सांगायचं. मी काय करणार होतो? हसलो असतो. फार तर कॉफी पाजली असती. पण ते टूलमध्ये लिहून ठेवलंस, आणि एजंट बिचारा वाचेल ते खरं मानतो. त्याला काय माहीत हे वर्णन नाही, तुझी जळजळ आहे?’

समोर एक मुलगी सायकलचं कुलूप उघडायला धडपडत होती. पानाचा हात सवयीने शिवशिवला, पण तो उठला नाही.

‘आता पण जळतोयस?’ लांब्याने विचारलं.

‘जागा मिळाली तुला. मग काय नाचू?’

‘ठीक आहे. पण यापुढे?’

पानाने पाय हलवले. मग म्हणाला, ‘यापुढे पोट दुखलं की त्याच दिवशी तुला सांगेन. तोंडावर. मॅडमना नाही, आईला नाही, एजंटला तर नाहीच. आधी तुला. शब्द देतो.’